भावजी परग्रहावरून येतात

मी आयुष्यात दोन विज्ञानपट केले. पहिला लोकांनी अर्धाच पाहिला आणि दुसरा काहींनी तीन-तीन वेळा पाहिला. दुसरा मुळात माझा नाहीच, असं माझी बायको म्हणते. दोन्ही तिच्याच फोनवर चित्रित झालेले असल्यामुळे तिच्याशी वाद घालायची सोय नाही.

मी धारवाडला एका कॉलेजात गणित शिकवतो. राहायला मळमड्डीत. तिथल्या आम्हा पंचवीस-तीस मराठी घरांचा एक गणपती असतो आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याच्यापुढे नाटक असतं. एका वर्षी नाटकातले दोघं मुलांकडे बेंगळूरला निघून गेले, एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि ज्या बाई गेली पंधरा वर्षं नायिका होत होत्या त्यांनी आपण होऊन आजीची भूमिका मागितली. आमच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे पलीकडच्या गल्लीतले वकीलकाका. वकिली सोडून बरीच वर्षं झाली, पण बोलणं अजून कोर्टातलंच आहे. ते म्हणाले, "या वर्षी नाटकाचा अर्ज नामंजूर."

"मग सिनेमा करू," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडात लहानपणापासून बसून होतं. यानं, यंत्रमानव, दूरचे ग्रह यांचं मला पहिल्यापासून वेड. पडद्यावर काळं आकाश दिसलं की माझी पाठ आपोआप ताठ होते. तेव्हा संधी मिळाल्याबरोबर मी घरी आलो आणि वहीवर नाव लिहिलं, 'तेजोमेघाची हाक'.

गोष्ट अशी होती. तेजोमेघातून एक जीव धारवाडजवळच्या अळणावरच्या जंगलात उतरतो, एका सागाच्या झाडापाशी उभा राहतो, मानवजातीच्या भवितव्याबद्दल बोलतो आणि परत जातो. तो का उतरतो हे मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. ते प्रेक्षकांनी ओळखायचं होतं. शिवाय तो जीव मराठी बोलत नव्हता. त्याच्यासाठी मी चार महिने खपून एक स्वतंत्र भाषा तयार केली होती. तिला अकरा विभक्ती होत्या आणि वाक्यात क्रियापद नेहमी मूळ संख्येच्या जागी यायचं, म्हणजे दुसरं, तिसरं, पाचवं, सातवं. अर्थ खाली मराठीत अक्षरांत येणार होता.

जीव मीच झालो होतो. कोप्पीकर रोडवरून चंदेरी कागदाची गुंडाळी आणून ती रेनकोटवर चिकटवली, आणि डोक्यावर पाण्याचा वीस लिटरचा कॅन कापून घातला. दोन वाक्यं बोललो की आत वाफ धरायची आणि मला समोरचं झाडही दिसायचं नाही.

अळणावर निवडायचं कारण जंगल, आणि दुसरं कारण अक्का. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली. तिचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर दोघं अळणावरलाच राहिले, कारण भावजींचं गाव तिथून जवळ, आणि शहरात त्यांना झोप लागत नाही. पहिल्या सिनेमात भावजींकडे धुराचं खातं होतं. तेजोमेघ दाखवायचा म्हणजे धूर हवा. ते एका घमेल्यात ओला पाला पेटवून माझ्या मागे बसायचे आणि बायकोनं हात वर केला की पुठ्ठ्यानं वारा घालायचे.

चित्रीकरणाच्या दुसऱ्या दिवशी धूर बघून जंगलखात्याचा एक माणूस मोटरसायकलवरून आला. मी झाडापाशी चंदेरी उभा. त्यानं गाडी बंद केली आणि कन्नडमध्ये भावजींना विचारलं, "हे काय चाललंय?"

"हा माझा मेहुणा," भावजी म्हणाले.

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. "डॉक्टरला दाखवलंय का?"

"कॉलेजात शिकवतो."

"अस्सं," तो म्हणाला, जणू सगळाच उलगडा झाला. त्यानं आम्हाला आग विझवायला लावली, घमेलं थंड झालेलं हात लावून पाहिलं आणि गेला. म्हणून 'तेजोमेघाची हाक'च्या उत्तरार्धात तेजोमेघ नाही.

सिनेमा एक्केचाळीस मिनिटांचा झाला. मंडपात पडदा लावला, दिवे मालवले. पाचव्या मिनिटाला लक्षात आलं की खालची अक्षरं पहिल्या रांगेच्या पलीकडे कुणाला वाचता येत नाहीत. आमच्याकडे पहिल्या रांगेत मुलं बसतात आणि वयस्कर मागे, पंख्याखाली. एक गृहस्थ आपल्या आईसाठी मोठ्यानं वाचायला लागले. दुसऱ्या बाजूनं आणखी एकानं सुरुवात केली, पण तो एका वाक्यानं मागे होता. माझी अकरा विभक्तींची भाषा त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी चिरडून गेली. विसाव्या मिनिटाला बाहेर मिरचीभजी तळायला घेतली. वास आत आला. लोक उठताना वाकून, पडद्यावर सावली पडू न देता गेले, ही सभ्यता मी मान्य करतो. दिवे लागले तेव्हा अकरा माणसं बसलेली होती. त्यातले चौघं खुर्च्या उचलायला थांबलेले होते.

रात्रीची जेवणं झाल्यावर मी अक्काला विचारलं, "कसा वाटला?"

अक्का पान पुसत होती. "तुझी मेहनत दिसती," ती म्हणाली. मास्तरीण असल्यामुळे नापास मुलाशी कसं बोलायचं हे तिला माहीत आहे. "पण मला एवढं सांग, तो आला कशाला?"

"ते प्रेक्षकांनी ओळखायचं."

"एवढ्या लांबनं येऊन झाडापाशी उभा राहिला. कुणाच्या घरी गेला नाही, पाणी मागितलं नाही. पाहुणा असा असतो का?"

मी तिला सांगितलं की तो पाहुणा नाही, प्रतीक आहे. तिनं पानाला चुना लावला आणि विषय बदलला.

वर्षभरानं मंडळाची बैठक भरली. मी दुसऱ्या भागाचा विषय काढताच वकीलकाकांनी चष्मा काढला. "प्राध्यापक, पहिल्या गुन्ह्याला आम्ही समज देऊन सोडलं होतं," ते म्हणाले. पण नाटकाला माणसं अजूनही नव्हती, आणि बैठकीला अक्का आली होती. ती आणि भावजी त्या आठवड्यात आमच्याकडेच राहायला होते. ती मागून म्हणाली, "दुसरा भाग होऊ दे. पण मी लिहिते."

माझ्याखेरीज कुणालाच यात गैर वाटलं नाही.

चार दिवसांत तिनं दोनशे पानी वहीतली तीस पानं भरली. तेच तेजोमेघातलं माणूस, पण या वेळी ते मळमड्डीत भाड्यानं खोली शोधायला येतं. बस्स. घरमालकीण त्याला प्रश्न विचारते, खोली देते, चार दिवस ते राहतं. मी वही मिटली.

"अक्का, यात विज्ञान कुठाय?"

"तो परग्रहावरचा आहे की."

"पण तो करतो काय? खोली मागतो!"

"तू मळमड्डीत खोली मागून बघ एकदा," अक्का म्हणाली. "सोपं आहे का ते?"

बायको हसली, आणि ती अक्काच्या बाजूला गेली हे मला तेव्हाच कळलं. नाव मात्र मी अडवून धरलं. शेवटी 'तेजोमेघाची हाक, भाग दुसरा: मागची खोली' असं ठरलं. घरमालकीण अक्का स्वतः होणार होती आणि घर वकीलकाकांचं. त्यांच्याकडे परसदाराला खरोखरच एक रिकामी खोली होती.

आता तो जीव कोण? मी उभा राहून वाचलं. अक्का दुसऱ्याच ओळीला म्हणाली, "तू शिकवायलायस." वकीलकाकांनी वाचलं. त्यांचा परग्रहवासी खोली मागत नव्हता, जामीन मागत होता. आम्ही हताश होऊन बसलो होतो तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून भावजी डोकावले आणि म्हणाले, "चहा झाली काय? का मी ठेवू?"

आम्ही सगळ्यांनी एकदम त्यांच्याकडे बघितलं.

इथे भावजींच्या मराठीबद्दल सांगायला हवं. भावजींची घरची भाषा कन्नड. आम्ही सगळेच कन्नड बोलतो. बाजारात, कॉलेजात, रिक्षात दिवसभर तीच तर चालते. भावजी आमच्याशी कन्नडमध्ये बोलले असते तर कुणाचंही काही अडलं नसतं. पण लग्न झाल्यावर पहिल्यांदा घरी आले तेव्हाच त्यांनी ठरवलं की सासूबाईंशी मराठीतच बोलायचं. आई त्यांना कन्नडमध्ये प्रश्न विचारायची आणि ते घामाघूम होऊन मराठीत उत्तर द्यायचे. शब्द त्यांनी भराभर उचलले. अडलं ते एका जागी. कन्नडमध्ये बाई ती आणि पुरुष तो, बाकी वस्तू म्हणजे नुसत्या वस्तू. मराठीत मात्र भिंत ती, पंखा तो आणि दार ते. भावजींच्या डोक्यात हे कधी बसलंच नाही. तीस वर्षं त्यांच्याकडे पाऊस आली, भाजी चांगला झाला आणि त्यांची डोकं दुखली. आई गेली, तरीही त्यांनी आमच्या घरात मराठी सोडली नाही. आम्ही भावंडं ही वाक्यं गोळा करायचो. लग्नाकार्यात मी त्यांची नक्कल करायचो आणि सगळ्यात मोठ्यानं हसायचे ते भावजीच.

"अहो, इकडं या," अक्का म्हणाली आणि त्यांच्या हातात वही दिली.

त्यांनी दोन ओळी वाचल्या. मान वर केली. "मी नको. लोक हसतील."

"हसायलाच पाहिजेत."

"मग ठीक आहे," भावजी म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

बायकोनं मला बाहेर गच्चीवर नेलं. "हे बरं नव्हे," ती म्हणाली. "घरात आपण हसतो ते वेगळं. शंभर-दीडशे माणसांसमोर त्यांची फजिती करायची?" मलाही ते टोचायला लागलं होतं. मी धीर करून अक्काला एकटीला गाठलं आणि तेच सांगितलं. अक्का कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली नाही.

"तीस वर्षं तुम्ही इकडच्या बाजूनं हसलात," ती म्हणाली. "आता जरा तिकडच्या बाजूनं बघा की."

चित्रीकरण पाच रविवार चाललं. मी या वेळी आवाजाकडे लक्ष दिलं होतं. शर्टाला अडकवायचा छोटा माइक आणला, एवढंच माझं तांत्रिक योगदान. चंदेरी कागद अक्कानं नाकारला. "मग तो परका कसा दिसणार?" मी विचारलं. तिनं भावजींचा पांढरा शर्ट मागेपुढे करून त्यांना घालायला लावला. बटणं पाठीवर. एवढंच. पण भावजी तो घालून फाटकातून आत आले आणि हात जोडून उभे राहिले, तेव्हा अंगावर काटा यावा इतके ते दुसरीकडचे वाटले.

तिसऱ्या रविवारी एक गोंधळ झाला. खोली रिकामी असल्याची पाटी फाटकावर दिसायला हवी म्हणून अक्कानं सुंदर कन्नड अक्षरांत ती रंगवली होती आणि आदल्या दिवसापासून टांगून ठेवली होती. आम्ही मुलाखतीचा प्रसंग घेत होतो आणि एक मध्यमवयीन गृहस्थ बॅग घेऊन सरळ आत आले. कृषी खात्यातले, विजयपूरहून बदली होऊन आलेले. बायकोचा फोन तिकाटण्यावर होता, तो त्यांनी पाहिला नसावा. अक्का घरमालकिणीच्या भूमिकेत खुर्चीवर बसलेली. ती जागची हलली नाही. कन्नडमध्येच तिनं प्रश्न सुरू केले.

"कुठून आलात?"

"विजयपूर."

"एकटेच?"

"बायको-मुलं शाळा संपल्यावर येतील."

"घरात लसूण चालतो. मांस-मच्छी चालत नाही. सकाळी नळाला पाणी एक तास. पाहुणे किती येतात?"

"आई येते," तो बापडा म्हणाला. "पण ती फार बोलत नाही."

मग त्याची नजर शेजारी उभ्या असलेल्या भावजींकडे गेली. पाठीवरची बटणं दिसली. त्यानं हळूच विचारलं, "हे पण खोलीसाठीच आलेत का?"

"होय," भावजी गंभीरपणे म्हणाले. "मी लांबून आलोय. पण तुम्हाला पाहिजे असेल तर मी दुसरी बघतो."

हे ऐकून खांबामागे उभे असलेले वकीलकाका तोंडात उपरणं कोंबून परसात पळाले. आम्ही त्या गृहस्थांना खरा प्रकार सांगितला तेव्हा ते रागावले नाहीत. सिनेमात ठेवू का विचारलं, तर म्हणाले ठेवा, पण माझा डावा गाल जास्त दाखवू नका, दाढी नीट झाली नव्हती. वकीलकाकांनी त्यांना ती खोली खरोखरच भाड्यानं दिली. खोलीतले प्रसंग उरलेल्या दोन रविवारी आम्ही भाडेकरूची परवानगी काढून चित्रित केले.

चौथ्या रविवारी जेवणाचा प्रसंग होता. घरमालकीण नव्या भाडेकरूला पहिल्या दिवशी जेवायला बोलावते. पाटावर बसतात, ती वाढते, विचारते, "आवडलं का?" वहीत त्याचं उत्तर एकाच शब्दाचं होतं, 'छान.' मी भिंतीला टेकून उभा होतो. बायकोनं खूण केली. अक्कानं ज्वारीची भाकरी वाढली, झुणका वाढला आणि विचारलं, "आवडलं का?"

भावजी ताटाकडे बघत राहिले. विसरले, असं मला वाटलं. मी वही घेऊन पुढे होणार, एवढ्यात ते बोलायला लागले.

"तुमच्याकडे सगळ्या वस्तूंना बाई-पुरुष असतं," ते म्हणाले. "भाकरी बाई. झुणका पुरुष. ताट कुणीच नाही. सकाळी बघितलं, चहा पुरुष, कॉफी बाई, दूध दोन्ही नाही. तिघं एकाच भांड्यात राहतात. भांडण नाही. मला फार आश्चर्य वाटली."

मला हसू फुटलं. मी तोंडावर हात धरला. भावजी तसेच, घाई न करता बोलत होते.

"आमच्याकडे वस्तू म्हणजे वस्तू. खुर्ची दिसली की बसायचं. इथं खुर्ची दिसली की मी आधी विचार करतो, ही का हा का हे. बोलायच्या आधी विचार, बसायच्या आधी विचार. विचार होईपर्यंत दुसरं कुणीतरी येऊन बसतं. म्हणून मी उभा राहतो. लोक म्हणतात, फार नम्र आहे."

आमच्या घरी भावजी नेहमी दारापाशी उभे राहायचे. सगळे गप्पा मारत बसलेले असले तरी ते चौकटीला एक हात लावून उभे. आई शेजारच्या बायकांना कौतुकानं सांगायची, आमचे जावई फार नम्र. तिनं हे शंभर वेळा सांगितलं असेल आणि त्यातल्या निम्म्या वेळा मी तिथंच असेन, आरामखुर्चीत.

माझा हात तोंडावरच राहिला. हसू कधी थांबलं कळलं नाही. बायकोनं फोन बंद केला नव्हता, तिचं सगळं लक्ष पडद्याकडे. अक्काची पुढची ओळ होती, 'लाजू नका, पोटभर जेवा.' तिला ती आठवली नाही. तिच्या हातात भाताचा वाडगा तसाच. मग ती एकदम कन्नडमध्ये म्हणाली, "ऊटा माडरी. अन्न थंड होतंय." म्हणजे आधी जेवा. ती घरी रोज ज्या आवाजात म्हणते, त्याच आवाजात.

भावजींनी भाकरी मोडली.

"झालं," बायको हळूच म्हणाली.

"बरोबर आली काय?" भावजींनी माझ्याकडे बघून विचारलं. मग स्वतःच कपाळाला हात लावला. "आलं. बरोबर आलं काय?"

"आली," मी म्हणालो. "अगदी बरोबर आली."

दुसऱ्या दिवशी मात्र माझं डोकं ठिकाणावर आलं, म्हणजे नेहमीसारखं बिघडलं. इतका चांगला सिनेमा होतोय आणि त्यात एकही यान नाही, हे मला सहन होईना. मी इडलीपात्राचं झाकण, दोरा आणि एक निळा कंदील घेऊन दोन आठवडे खपलो आणि अळणावरच्या जंगलावरून जाणारं यान तयार केलं. तीन मिनिटांचं. अक्कानं ते शांतपणे पाहिलं.

"हे माझं इडलीपात्र," ती म्हणाली.

"कळतंय?"

"मला कळतंय. लोकांना कळेल की नाही माहीत नाही." मग तिला माझी दया आली असावी. "आठ सेकंद ठेव."

सिनेमा छत्तीस मिनिटांचा झाला. गणपतीच्या चौथ्या दिवशी मंडपात गर्दी बघून मला धडकीच भरली. यात मराठी-कन्नड दोन्ही असल्यामुळे खाली अक्षरं लागत नव्हती, आणि वकीलकाकांनी आजूबाजूच्या कन्नड घरांनाही आमंत्रण दिलं होतं. "साक्षीदार जास्त असलेले बरे," असं त्यांचं म्हणणं. कृषी खात्यातले भाडेकरू आईला घेऊन आले होते. त्या खरंच फार बोलत नव्हत्या. भावजी आत बसायला तयार नव्हते. ते भजीवाल्यापाशी जाऊन उभे राहिले आणि त्याला मिरच्या चिरून देऊ लागले.

बटणं पाठीवर असलेला माणूस फाटकातून आला आणि मंडपात खसखस पिकली. खऱ्या भाडेकरूच्या प्रसंगाला तर पुढचं वाक्य ऐकू येईना. यान आलं तेव्हा एक बाई मागून स्पष्ट म्हणाल्या, "अग, इडलीचं झाकण!" आणि टाळ्या पडल्या. माझ्या कारकिर्दीतल्या या पहिल्या टाळ्या.

मग ते जेवण आलं. चहा पुरुष, कॉफी बाई. आधी कन्नड बायकांच्या बाजूनं हशा उठला, मोठा, मोकळा. त्यांच्यातल्या एक आजी शेजारणीच्या मांडीवर थापा मारत म्हणत होत्या, खरंय बघ, खरंय बघ! मराठी बाजू क्षणभर गप्प होती. मग तीही हसायला लागली. 'म्हणून मी उभा राहतो' या वाक्याला हशा अर्ध्यावर थांबला. बाहेर तळणीचा चर्र आवाज येत होता, वास आत येत होता, आणि कुणी उठलं नाही.

दिवे लागल्यावर भावजींना धरून आत आणावं लागलं. हातात अजून सुरी होती. लोकांनी त्यांना घेरलं. एका जुन्या शिक्षिकाबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. "टेबल ते, पण पलंग तो," त्या समजावत होत्या. "आणि कॉट ती. लक्षात ठेवा हं." भावजी मान डोलवत होते. कन्नड बाजूचे एक गृहस्थ मला म्हणाले, माझी सून तुमच्या लोकांतली, पुण्याची. ती आमच्या घरी अशीच उभी राहते की काय, आज बघायला पाहिजे. ते खरोखरच लगबगीनं गेले.

वकीलकाकांनी निकाल दिला. "दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस आहे. पहिल्यापेक्षा सरस होणं अवघड नव्हतं, हेही नोंदवून घ्यावं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचे भावजी ग्रेट आहेत हो." त्यांना कधी इतकं साधं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

मी भावजींची माफी मागायची असं ठरवून त्या संध्याकाळी त्यांच्याजवळ गेलो. "भावजी, आम्ही इतकी वर्षं..." असं काहीतरी सुरू केलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "तुझी नक्कल चांगला असते," ते म्हणाले. "फक्त माझी आवाज एवढी जाड नाही." आणि भजी खायला घेऊन गेले. नक्कल करायची पुढे मला इच्छा झाली नाही. पण मधे एका मुंजीत भावजींनीच आग्रह केला आणि शेजारी उभं राहून चुका सुधारल्या. म्हणजे माझ्या नकलेतल्या.

पंधरा दिवसांनी भावजींच्या गावी सिनेमा दाखवला. अळणावरपासून सहा-सात किलोमीटरवर त्यांचं शेतकरी घर आहे. भिंतीवर धोतर लावून पडदा केला. त्यांचे थोरले भाऊ, वहिनी, पुतणे, सुना, शिवाय भावजींच्या विधवा थोरल्या बहीण, ज्यांच्या शब्दाबाहेर त्या घरात मांजरही जात नाही. मराठीतलं जे अडेल ते भावजी उभे राहून कन्नडमध्ये सांगत होते. जेवणाच्या प्रसंगाला सगळे पोट धरून हसले. थोरल्या बहीण हसल्या नाहीत. सिनेमा संपल्यावर त्यांनी भावाला जवळ बसवलं. "इतकी वर्षं तू तिकडं उभा होतास?" त्यांनी विचारलं. "सांगितलं का नाहीस?"

"त्यात काय सांगायचं, अक्का," भावजी म्हणाले. त्यांच्याही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात.

मग त्या बाई आमच्या अक्काकडे वळल्या. "आणि तू ग? तूही तर आमच्या घरात नवीनच आलीस की. तुला काय झालं होतं?"

आमची अक्का कधी अडखळत नाही. कन्नड तर तिचं इतकं स्वच्छ की तिच्या शाळेत तपासणीला येणारे साहेब तिची पाठ थोपटायचे. पण ती ओच्याशी चाळा करायला लागली. "मला काय, भाषा येत होती," ती म्हणाली.

"तरी?"

"पहिलं वर्षभर..." अक्का थांबली. सगळे तिच्याकडे बघत होते. भावजीसुद्धा. त्यांनाही हे नवीन होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. "पहिलं वर्षभर मला वाटायचं की तुम्ही सगळे माझ्यावर ओरडताय. पाणी दे म्हणताना ओरडायचे, जेव म्हणताना ओरडायचे. माझं काय चुकलं म्हणून मी मागच्या गोठ्यात जाऊन रडायची. नंतर कळलं, तुमच्याकडे प्रेमानं बोलतानाही असंच बोलतात."

त्या बाईंनी अक्काचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि जरा विचार केला.

"प्रेम वगैरे नंतरचं," त्या म्हणाल्या. "पहिलं वर्षभर आम्ही ओरडतच होतो की ग."